नागोथेन नावाचा वायू

रेल्वेच्या पिवळ्या पाटीवर आमच्या गावाचं नाव रोमन लिपीत नऊ अक्षरांचं आहे : एन, ए, जी, ओ, टी, एच, ए, एन, ई. मराठी न येणाऱ्या, पण रसायनशास्त्र शिकलेल्या माणसानं ते वाचलं की त्याच्या जिभेवर हमखास 'नागोथेन' येतं. त्यात त्याचा दोष नाही. मिथेन आणि इथेन या वायूंच्या स्पेलिंगमधली शेवटची पाच अक्षरं आणि आमच्या गावाच्या स्पेलिंगमधली शेवटची पाच अक्षरं एकच आहेत. ठाण्याचीही तीच गत. फक्त तिथं शेक्सपिअर वाचलेल्याला 'मॅकबेथ'मधले स्कॉटिश सरदार आठवतात, कारण त्यांच्या 'थेन' या पदवीचं स्पेलिंग ठाण्याच्या स्पेलिंगसारखंच आहे. गंमत अशी, की नागोठण्याला खरोखरच पाइपातून एक वायू येतो, आणि तो इथेनच असतो.

नागोठणे हे नाव लिहिताना चार अक्षरी. बोलताना मात्र त्याचे तीनच तुकडे पडतात : ना-गोठ्-णे. ठ मधला अ आम्ही गिळून टाकतो. पण 'नागोठण्याला चाललो' म्हटलं की गिळलेला अ मुकाट परत येतो : ना-गो-ठण्-या-ला. हा अ कुठं गिळायचा आणि कुठं परत आणायचा हे आम्हाला कुठल्याही शाळेनं शिकवलं नाही. शाळेचं तोंड न पाहिलेला आंबा नदीवरचा कोळीही ते बिनचूक करतो. शब्द कुठं मोडतो हे कानाला कळतं, जीभ त्याच्या मागून जाते.

आणि साहेबालाही ते कळलं होतं, निदान जुन्या साहेबाला. १८८३ साली निघालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटिअरात आमच्या गावाचं स्पेलिंग 'नागोठ्ना' असं वाचलं जाईल, असं आहे. तेव्हा नागोठणे हा पेण तालुक्यातला पेटा होता. रोहा तालुका नंतर वाट्याला आला, आणि कुलाब्याचा रायगड तर १९८१ साली झाला. त्या काळी मुंबईहून महाबळेश्वरला निघालेली साहेब मंडळी आगबोटीनं धरमतरच्या खाडीतून आंब्याच्या पात्रात शिरत, नागोठण्याला उतरत आणि पुढं महाडच्या रस्त्याला लागत. गावाचं नाव त्यांना पाटीवर दिसलं नाही, ते बंदरावर ऐकू आलं. ठ नंतरचा अ ऐकू आला नाही म्हणून त्यांनी लिहिला नाही. १८५३ साली बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ज्या गावाला गेली त्याचं स्पेलिंगही तेव्हा 'टॅना' असं होतं. साहेबाला ठ म्हणता येत नव्हता हे खरं, पण तो कानानं लिहीत होता. आपण पुढं ही स्पेलिंगं दुरुस्त केली ती डोळ्यानं. देवनागरीतल्या एकेका अक्षरासमोर रोमन अक्षर ठेवून हिशेब चोख जुळवला, आणि गावाचा वायू झाला.

ऐंशीच्या दशकात गावाशेजारी कारखाना उभा राहू लागला, तेव्हा आमच्या बोलण्यात लांबलचक शब्दांची रीघ लागली. इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशन लिमिटेड ही १९६९ साली स्थापन झालेली सरकारी कंपनी, तिचं मूळ बस्तान वडोदऱ्याला. बॉम्बे हायच्या समुद्रातून निघालेला वायू उरणला किनाऱ्यावर येतो. तिथं त्यातून इथेन आणि प्रोपेन वेगळे काढतात आणि पाइपानं नागोठण्याला धाडतात. इथं त्यांना वाफेबरोबर आठशे अंशांच्या वर तापवून फोडतात, म्हणून कारखान्याचं नाव 'गॅस क्रॅकर'. २००२ साली सरकारनं कंपनीचा ताबा रिलायन्सकडे दिला, २००७ साली कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली. गावातली जुनी माणसं अजून 'आयपीसीएल'च म्हणतात. चार तुकड्यांचं, एका दमात म्हणता येणारं नाव एकदा तोंडात बसलं की मालक बदलला म्हणून ते कुणी बदलत नाही.

'पेट्रोकेमिकल' हा शब्द गावानं हां हां म्हणता पचवला. त्याचे दोन तुकडे आधीच ओळखीचे होते. पेट्रोल महामार्गावरच्या पंपावर मिळत होतं, आणि केमिकल रोह्याच्या एमआयडीसीनं नाकाला चांगलंच शिकवलं होतं. ओळखीच्या दोन शब्दांची सोयरीक झाली तर तिसऱ्या शब्दाचं भय कशाला? त्याच सुमारास जमिनी गेल्या, आणि अंगठा उठवणाऱ्या आज्यांच्या तोंडी आणखी एक शब्द आला : प्रकल्पग्रस्त. हा शब्द एखाद्या इंग्रज माणसाला म्हणून दाखवायला सांगा. प्र, ल्प, ग्र, स्त अशी चार जोडाक्षरं, त्यातली शेवटची तीन हारीनं. आमच्या आज्या तो तहसीलदाराच्या टेबलासमोर ठणकावून म्हणत : प्र-कल्प-ग्रस्त. भूसंपादन, पुनर्वसन, प्रदूषण नियंत्रण मंडळ हे शब्दही त्याच मोर्चातून आले. तेव्हा लांब शब्दापुढं मराठी माणसाची बोबडी वळते, हे मला मान्य नाही. लांबीचं आम्हाला काही वाटत नाही.

कारखान्याच्या आतले शब्द जास्त अवघड होते. पॉलिइथिलीन. पॉलिप्रॉपिलीन. लिनिअर लो डेन्सिटी पॉलिइथिलीन. यांचं गावानं आणि बाजारानं काय केलं, तर त्यांची आद्याक्षरं केली. पॉलिप्रॉपिलीन झालं पीपी, हाय डेन्सिटीचं एचडी, लो डेन्सिटीचं एलडी, लिनिअरचं एलएल. ज्यांना एवढंही नको होतं त्यांनी सगळ्यांना मिळून एकच शब्द काढला : दाणा. प्लास्टिकच्या धंद्यात आजही दाण्याचा भाव विचारतात, पॉलिमरचा विचारत नाहीत. कुणी याला अडाणीपणा म्हणेल. पण खुद्द इंग्लंडात काय झालं ते पाहा. १९३३ साली नॉर्थविचजवळच्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत गिब्सन आणि फॉसेट या दोघांच्या प्रयोगात भांड्याच्या तळाशी एक पांढरा मेणासारखा पदार्थ सापडला. त्याचं नाव पॉलिइथिलीन. पाच तुकड्यांचा हा शब्द खुद्द इंग्रजांनाच जड झाला, आणि त्यांनी मधला भाग खाऊन 'पॉलिथीन' केला. ओम्निबसची बस त्यांनीच केली, रेफ्रिजरेटरचा फ्रिज त्यांनीच केला. शब्द कापणं हा त्यांच्याकडे शिष्टाचार आणि आपल्याकडे गावंढळपणा, असं कसं चालेल?

या नावांच्या शेवटी काय आहे तेही पाहण्यासारखं आहे. इथेन आणि इथिलीन यांत फरक शेपटाचा. ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८६६ साली सुचवलं, की कार्बन-हायड्रोजनच्या संयुगांची नावं स्वरांच्या क्रमानं ठेवावीत : ए, ई, आय, ओ, यू. शेवटी 'एन' असेल तर पूर्ण भरलेला रेणू, 'ईन' असेल तर दोन हायड्रोजन कमी, 'आईन' असेल तर आणखी दोन कमी. म्हणजे रसायनाची बाराखडीच. सगळी योजना टिकली नाही, पण पहिले दोन स्वर जसेच्या तसे टिकले आणि आज जगभर चालतात. नागोठण्याचा कारखाना करतो काय, तर इथेनच्या रेणूतून दोन हायड्रोजन काढून त्याचं इथिलीन करतो. अब्जावधींचा धंदा शब्दाच्या शेवटच्या तुकड्यावर उभा आहे. असा शब्द इंग्रज माणूस त्याच्या सवयीनं म्हणू लागला, तर एका तुकड्यावर सगळा जोर देऊन बाकीचे पुटपुटतो. आपला ऑपरेटर प्रत्येक तुकडा सारख्याच वजनानं मोजून देतो : प्रॉ-पि-लीन. वॉकीटॉकीवरच्या खरखरीत मला दुसरा जास्त भरवशाचा वाटतो.

पहिला तुकडाही भानगडीचा आहे. विलायतेत 'मीथेन' आणि 'ईथेन', अमेरिकेत 'मेथेन' आणि 'एथेन'. आपली पाठ्यपुस्तकं मिथेन, इथेन लिहितात, म्हणजे विलायती उच्चाराचा दीर्घ ई आपण ऱ्हस्व करून घेतला. कारखान्यात अमेरिकी पुस्तकं वाचलेला इंजिनीअर आणि मराठी माध्यमातून आयटीआय केलेला फिटर समोरासमोर आले की दोन उच्चार होतात. पाइप एकच असतो.

आता मूळ मुद्द्याकडे. शब्दाचे तुकडे पाडण्याची विद्या आपल्याला बाहेरून आणावी लागली, असा अनेकांचा समज असतो. इंग्रजी व्याकरणाच्या तासाला 'सिलॅबल' हा शब्द आला की वर्गात नवीन काही अवतरल्यासारखी शांतता पसरते. त्याच वर्गात मराठीच्या तासाला मुलं वृत्तांचा लगक्रम लावत असतात. जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षर गुरू धरायचं, हा नियम सगळ्यांना पाठ. 'सत्य' मधला स गुरू, कारण त् मागं सरकून त्याला टेकतो : सत्-य. पण 'तुझ्या' मधला तु लघुच राहतो, कारण झ्या एकसंध पुढच्या तुकड्यात जातो : तु-झ्या. बाई सांगतात, आघात येत असेल तर गुरू, नसेल तर लघु. हे सिलॅबल पाडणंच आहे. व्यंजन मागच्या स्वराला द्यायचं की पुढच्या, या प्रश्नावर आपल्याकडच्या प्रातिशाख्यांनी दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी खल केला, कारण वेद म्हणताना तुकडा चुकला तर चालत नसे. अभंगाचं माप तर अक्षरांतच मोजतात : मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा.

एक खोडसाळ प्रयोग करून पाहिला. २०१८ साली शशी थरूर यांनी आपल्या पुस्तकाची जाहिरात करताना एक अगडबंब शब्द वापरला आणि देशभर लोक शब्दकोश उघडून बसले. एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं, एवढाच त्याचा अर्थ. कवी विल्यम शेनस्टनच्या १७४१ च्या पत्रात तो आढळतो. 'क्षुल्लक' या अर्थाचे चार लॅटिन शब्द एकापुढं एक जोडून कुणीतरी विद्यार्थी-थट्टा म्हणून तो बनवला असावा. त्याची एकोणतीस रोमन अक्षरं सगळ्यांनी मोजली. तुकडे कुणी मोजले नाहीत. ते बारा आहेत : फ्लॉक्-सि-नॉ-सि-नि-हि, लि-पि-लि-फि-के-शन. सहा आणि सहा. अभंगाचे दोन चरण बिनतक्रार भरले. टाळ हातात असता तर बाराव्या तुकड्यापर्यंत कुणाचीही जीभ अडखळली नसती.

मग आपलं घोडं अडतं कुठं? अडतं ते शाळेत, कारण तिथं आपण इंग्रजी शब्द कानानं तोडत नाही, डोळ्यानं तोडतो. 'असॅसिनेशन' या शब्दाचं स्पेलिंग पाठ करायची युक्ती महाराष्ट्रातल्या अनेक पिढ्यांनी ऐकली आहे : गाढवावर गाढव, गाढवावर मी, माझ्यावर देश. स्पेलिंग जन्मभर विसरत नाही, पण शब्दाचा आवाज कायमचा बिघडतो. खरा आवाज अ-सॅ-सि-ने-शन. त्यात गाढव कुठंच नाही. 'लेफ्टनंट'चं तसंच. खोटं बोल, तू, दहा, मुंगी, असे चार इंग्रजी शब्द जोडून स्पेलिंग बसतं, आणि वाचताना 'लाययूटेनंट' होतं. ज्ञानाला 'कनवलेदगे' आणि बुधवाराला 'वेदनेसडे' म्हणत पाठांतर करणारी मुलं ज्याच्या घरात नव्हती त्यानं हात वर करावा. ही युक्ती परीक्षेच्या दहा मार्कांसाठी चांगलीच आहे. वाईट एवढंच, की दहा मार्कांनंतर खरा उच्चार सांगायला कुणी येत नाही.

कान आणि डोळ्याचं हे भांडण इंग्रजी बोलणाऱ्यांच्या घरातही आहे. नोआ वेब्स्टरनं १७८३ साली अमेरिकी मुलांसाठी स्पेलिंगचं पुस्तक काढलं. त्यानं शब्द उच्चाराप्रमाणे तोडले. विलायतेतले छापखाने शब्दाच्या मुळाप्रमाणे तोडत. म्हणून ज्ञानाचा तोच शब्द ओळीच्या टोकाशी अमेरिकेत 'नॉल्' पाशी तुटतो, आणि विलायतेत 'नो' पाशी. संगणकावर छपाई सुरू झाली तेव्हा स्टॅनफर्डमध्ये डोनाल्ड कनूथ यांच्या हाताखाली फ्रँक लिआंग यानं १९८३ साली या तोडण्यावरच डॉक्टरेट मिळवली. सुमारे साडेचार हजार नमुने काढून त्यानं यंत्राला इंग्रजी शब्द तोडायला शिकवलं, आणि नमुन्यांना न जुमानणारे चौदा शब्द वेगळे काढून ठेवले. त्या चौदांत एक शब्द आमच्या चांगल्याच ओळखीचा निघाला : प्रोजेक्ट. नाम असेल तर तो 'प्रॉज्' पाशी तुटतो, क्रियापद असेल तर 'प्रो' पाशी. स्पेलिंग तेच, अक्षरं तीच, पण जोर पहिल्या तुकड्यावरून दुसऱ्यावर गेला की मोडण्याची जागाही सरकते. अर्थ कळल्याशिवाय यंत्राला हे ठरवता येईना, म्हणून त्यांनी तो शब्द अखंडच ठेवला. आमच्या तालुक्यात प्रोजेक्टनं पुष्कळ गोष्टी तोडल्या, पण तो स्वतः तुटत नाही हे कळल्यावर मला बराच वेळ हसू येत होतं.

खरी मेख या जोरात आहे. मराठीत आपण शब्दाचे सगळे तुकडे जवळपास सारख्या वजनानं टाकतो. दीर्घ-ऱ्हस्वाचा फरक करतो, पण एका तुकड्याला उचलून बाकीच्यांना पायदळी तुडवत नाही. इंग्रजीत तेच करावं लागतं. 'फोटोग्राफ' मध्ये जोर पहिल्या तुकड्यावर, 'फोटोग्राफी' मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक' मध्ये तिसऱ्यावर. ज्या तुकड्यावरून जोर निघतो त्यातला स्वरही मरतो, त्याचा नुसता पुसट अ उरतो. म्हणून साहेबाची 'फोटोग्राफी' आपल्याला 'फटॉग्रफी' अशी ऐकू येते, आणि आपली 'फो-टो-ग्रा-फी' त्याला चार वेगवेगळ्या शब्दांसारखी. परदेशात आपलं इंग्रजी कळत नाही तेव्हा आपण व आणि व्ह, स आणि श यांना दोष देतो. बहुतेक वेळा ती व्यंजनं निर्दोष असतात. जोर भलत्या जागी पडलेला असतो, किंवा कुठंच पडलेला नसतो.

बरं, या जोराला काही कायदेही आहेत, आणि लांब शब्दांना ते जास्त इमानानं लागू पडतात. शेवटी 'शन', 'इक' किंवा 'इटी' आलं की जोर त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर. इलेक्ट्रिक म्हणताना 'लेक्'वर, इलेक्ट्रिसिटी म्हणताना 'ट्रि'वर. थरूर यांच्या अगडबंब शब्दात 'के'वर. पेट्रोकेमिकलमध्ये 'केम'वर. म्हणजे जो शब्द बघून मुलं घाबरतात तोच नियमाला जास्त धरून चालतो. बेशिस्त असतात ते दोन-दोन तुकड्यांचे चिल्लर शब्द. हे एवढं जर आठवी-नववीत कुणी फळ्यावर लिहून दाखवलं तर निम्मी भीती तिथंच संपेल.

इंग्रजी नावं मराठी तोंडात शिरताना काय होतं, याचा आपला इतिहास तर अभिमान वाटावा असा आहे. १७७९ च्या जानेवारीत कार्ल्याजवळ मराठ्यांच्या तोफगोळ्यानं पडलेला कॅप्टन स्ट्युअर्ट मराठी मुलखात 'इष्टूर फाकडा' म्हणून अमर झाला. सुरुवातीचं स्ट आपल्या जिभेला रुचलं नाही. तिनं पुढं एक इ उभा केला आणि शब्द दोन तुकड्यांत बसवला : इष्-टूर. शत्रूला शूर म्हणून 'फाकडा' ही पदवीही दिली. १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश करणाऱ्या मोल्सवर्थचा 'मोलेसरशास्त्री' झाला. मागचा 'वर्थ' आपण ठेवून घेतला नाही, पण शास्त्री जोडून दिला. एल्फिन्स्टन स्टेशनचं नाव २०१८ साली प्रभादेवी झालं, तोवर लोकल पकडणाऱ्या लाखो माणसांनी त्यातला मधला न कधीच उच्चारला नव्हता, 'एलफिस्टन'च म्हटलं. यातलं काहीही चूक नाही. परक्या शब्दानं आपल्या घरात यायचं तर आपल्या उंबऱ्याच्या मापानं वाकूनच यावं लागतं.

मात्र आता व्यवहार नुसता आपल्या घरातला राहिलेला नाही. २००० सालापासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी पाचवीपर्यंत निवांत असायचं. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला पुढं वडोदरा, ह्यूस्टन नाहीतर अबूधाबीच्या माणसाशी फोनवर बोलायचं आहे, आणि तिथं 'इष्टूर' चालत नाही. त्यासाठी आपली लिपी बदललीही आहे. बॅट आणि बॉल लिहिता यावेत म्हणून आपण ॲ आणि ऑ घेतले. ॲ हे सुटं अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. राज्य सरकारनं २००९ साली ठरवलेल्या वर्णमालेत ॲ आणि ऑ स्वर म्हणून बसवले. स्वराची सोय झाली. जोराची झाली नाही.

आणि आश्चर्य म्हणजे जोरासाठी खूण करणं देवनागरीला नवीन नाही. वेदांच्या छापील पोथ्या उघडून पाहा. अनुदात्त अक्षराखाली आडवी रेघ, स्वरिताच्या डोक्यावर उभी रेघ, उदात्त मोकळा. तो जोर म्हणजे आवाजाचा चढउतार होता, इंग्रजीतला धक्का नव्हे. पण कोणतं अक्षर उचलायचं आणि कोणतं सोडायचं हे कागदावर दाखवायची रीत आपल्याकडे आहे आणि ती छापखान्यांना जमते. नारायण गोविंद कालेलकर यांचं 'ध्वनिविचार' हे पुस्तक वाचताना मला पहिल्यांदा जाणवलं, की उच्चाराबद्दल इतकं बारीक, इतकं नेमकं मराठीतच बोलता येतं. (लेखक म्हणून ते 'ना. गो. कालेलकर' लिहीत. त्यांच्या आद्याक्षरांत आमच्या गावाचं अर्धं नाव आहे, याचा मला उगाच आनंद होतो.) १९६७ साली 'भाषा : इतिहास आणि भूगोल' साठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एवढी तयारी असलेली भाषा, आणि तिच्या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात शब्दार्थाच्या यादीत जोराची एक खूणही नाही.

मुलं मात्र आपली सोय करून घेतात. इंग्रजीच्या पुस्तकात प्रत्येक ओळीवर पेन्सिलीनं बारीक देवनागरीत उच्चार लिहितात. काही शिक्षक हे दिसलं की खोडरबर फिरवायला लावतात, म्हणतात की यानं सवय बिघडते. मला ते पटत नाही. तो पेन्सिलीतला उच्चार म्हणजे मुलानं कान शाबूत ठेवल्याचा पुरावा आहे. डोळ्यानं 'कनवलेदगे' वाचण्यापेक्षा वर 'नॉलिज' लिहिलेलं केव्हाही बरं. त्यात कमी आहे ती एका रेघेची.

म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांना आणि बाईंना, पाठ्यपुस्तक मंडळाला, आणि देवनागरीत उच्चार देणारे इंग्रजी-मराठी शब्दकोश छापणाऱ्या प्रकाशकांना एवढीच विनंती आहे. पेन्सिलीतलं देवनागरी पुसू नका. फक्त प्रत्येक लांब शब्दात जोराच्या एका अक्षराखाली रेघ मारून द्या. फळ्यावर त्याला जास्तीचा खडू लागत नाही, आणि पुस्तकात एक पानही वाढत नाही.